आत्याची बस

माझ्या आत्याइतकी हट्टी बाई अख्ख्या लखनौत नसेल, आणि असलीच तर ती आत्याच्याच एखाद्या ग्रुपमध्ये असणार. काका वायुदलातून निवृत्त झाले तरी दोघं साताऱ्याला परतली नाहीत, लखनौबाहेरच्या हवाई तळाजवळ, बख्शी का तालाबलाच राहिली. काका बागेत रमले, आत्या फोनमध्ये. उघडं गटार दिसलं की ती त्यात छत्री उभी करून फोटो काढायची. खोली कळायला नको का? ऑनलाइन तक्रारींचे नंबर स्वयंपाकघरातल्या कपाटावर खडूने लिहिलेले असत आणि निकाल लागेपर्यंत तिथे फडकं मारायची कुणाची छाती नव्हती.

मग शहरातल्या अमीनाबाद बाजाराकडे जाणारी सकाळची बस बंद झाली. आत्याच्या तक्रारीला, प्रवासीच नाहीत, असं उत्तर आलं. दुकानांत कामाला जाणाऱ्या बायका रडकुंडीला आल्या, पण अर्ज लिहिणार कोण? आत्या म्हणाली, "लिखना नहीं आता, बोलना तो आता है ना?" तिने ग्रुप काढला. रोज सकाळी थांब्यावर उभं राहायचं आणि आपलं नाव, कुठे जायचंय, आज कसं जाणार, एवढं फोनमध्ये बोलून पाठवायचं. मी हसलो होतो. हे ऐकणार कोण, असंही म्हणालो होतो.

महिन्याने बसच्या कार्यालयात सुनावणी होती, तिथे तिने मला सोबत नेलं. साहेबांनी नियम सांगितले. आत्याने फोन टेबलावर ठेवला आणि थांब्यावरचे ते आवाज एकामागून एक लावले. मागे कोंबडे, ट्रक, कुणाचा तरी खोकला. साहेबांनी अदबीने विचारलं, अजून किती आहे? "पूरे महीने का है, साहब. आप चाय मँगा लीजिए." साहेब हसले. तेवढ्यात दूधवाल्याच्या मुलीचा आवाज आला: "आज कॉलेज नहीं जा रही हूँ. बाबूजी कहते हैं, अब घर ही बैठो."

साहेबांनी तो आवाज पुन्हा लावायला सांगितला. मग चहा आला, आणि त्यांनी उरलेले सगळे ऐकले. मी आत्याकडे बघत होतो. मला तर साध्या शिपायासमोरही बोलताना घाम फुटतो.

पंधरा दिवसांनी बस आली. दूधवाल्याची मुलगी खिडकीशी बसली. कंडक्टरने आत्याला हात दिला, तर तिने नको म्हणून मान हलवली. गाडी निघाल्यावर मी विचारलं, "तू कधी गेली होतीस गं अमीनाबादला?"

"गुडघे चांगले होते तेव्हा," ती म्हणाली, आणि धूळ खाली बसेपर्यंत रस्त्याकडे बघत राहिली.