जेवणाची प्रार्थना

"ह्याच्या हातात माईक कोणी दिला?"

मंडळीच्या कमिटीचे सेक्रेटरीसाहेब हे माझ्याकडे बघून बोलले नाहीत. पाळकांकडे बघून बोलले. माईक माझ्याच तोंडाशी होता, चालू होता. त्यामुळे त्यांचं वाक्य अख्ख्या मंडळीने दोन्ही स्पीकरमधून ऐकलं.

झालं होतं असं. सोळा-सतरा सालची गोष्ट. सरावलीच्या बाजूला आमची ख्रिस्ती मंडळी दर रविवारी जमायची. मी चारोटीला हायवेवर पंक्चर काढतो. रविवारी मात्र मी मंडळीचा माईकवाला. खुर्च्या मांडायच्या, सतरंज्या घालायच्या. खुर्च्या पुढे, डहाणूतल्या घरांसाठी. सतरंज्या मागे, पाड्यांवरून येणाऱ्या आमच्या वारली माणसांसाठी. असा नियम कोणी केलेला नव्हता. मीच मांडायचो आणि मीच मागे जाऊन बसायचो. त्या दिवशी पाळक म्हणाले, सुरुवातीची प्रार्थना आज तू कर. मी डोळे मिटले, मान खाली घातली आणि गंभीर आवाजात म्हणालो, "हॅलो, चेक, चेक."

सवय. दुसरं काय?

पोरं फिसकन हसली. बायकांनी तोंडाला पदर लावला. तेवढ्यात साहेब उठले. ह्यांच्याच चिकूच्या वाडीत माझ्या बापाने जन्मभर चिकू उतरवले. माझी आई अजून तिथेच चिकू निवडायला जायची. साहेबांनी माईक माझ्या हातातून घेतला. खिशातला रुमाल काढून पुसला. मग म्हणाले, "देवाचं काम म्हणजे टायर नाही. त्याला लायकी लागते. तुम्हा लोकांना आधी उभं राहायला शिकवावं लागेल."

मी काय केलं? कडक सलाम ठोकला. सिनेमातल्या हवालदारासारखा. सगळे हसले. साहेबही हसले. मी सतरंजीवर जाऊन बसलो. सुटलो.

पुढे बरेच दिवस हा किस्सा मीच दुकानात ड्रायव्हर लोकांना रंगवून सांगायचो. दर वेळी मी थोडा जास्त गाढव व्हायचो. लोक पोट धरून हसायचे. पण कामात लक्ष लागेना. एकाच्या चाकाचे नट आवळायला विसरलो, दुसऱ्याचे इतके आवळले की त्याला सुटेनात. ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुडे दाखवतात भोक कुठे आहे. माझं भोक सापडत नव्हतं. हवा मात्र जात होती. डोळ्यांसमोर तो रुमाल यायचा.

वेवजीच्या पाड्यावर सोमीकाकी राहायची. मंडळीत माझ्या शेजारी बसायची, गाणं म्हणताना सगळ्यांच्या एक ओळ पुढे धावायची. तिला टीबी झाला. गोळ्या चालू होत्या, तरी खंगत गेली. जेवण सुटलं. साहेब गाडी घेऊन एकदा जाऊन आले. अंगणात उभे राहिले, तोंडाला रुमाल लावून प्रार्थना केली आणि निघाले. पाळकांकडे चार गावं, वेवजीची पाळी यायची होती. शेजारीपाजारीही दारातूनच विचारायचे.

एक दिवस तिचा नवरा देवजीकाका, त्याचा फोन आला. "काकी तुला बोलावते. प्रार्थना करायला."

"मला? काका, पाळकांना सांग. मला नाही येत."

"मी पन तिला तेच बोललो. ऐकत नाय."

सोमवारी दुकान बंद असतं. गेलो. आजाऱ्यापासून लांब बसायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. सरळ तिच्या खाटेवर बसलो. खाटेची दोरी तुटली आणि मी आत गेलो. काकी हसता हसता खोकली. "आता विनून देशील तवाच जा."

मग म्हणाली, "कर."

मी डोळे मिटले. डोकं रिकामं. पाळकांचे ते मोठे मोठे शब्द, एकही जागेवर नाही. लहानपणापासून मला पाठ असलेली प्रार्थना एकच. तीच बाहेर आली. "हे प्रभू, तू दिलेल्या ह्या अन्नाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. ज्यांनी रांधलं त्यांना आशीर्वाद दे. आमेन."

काकीने एक डोळा उघडला.

"अन्न कुठं हाय?"

"घाबरलो, काकी. हीच एक येते."

"मंग आन की पेज. आभार मानून झालं, आता नाय खाल्ली तर देव काय बोलेल?"

देवजीकाकाने पेज आणली. मी तिला पाठीला हात देऊन धरलं. थोडी पोटात गेली, थोडी माझ्या शर्टावर. झोपताना म्हणाली, "पुढल्या सोमवारी ये. ते अंगनातून बोलतात, मला ऐकूच नाय येत."

परत येताना मोटरसायकल तलासरीच्या अलीकडेच थांबवली. रविवारी बायबलमधलं ऐकलेलं एकेक आठवायला लागलं. बोलताना अडखळणारा एक माणूस, नको नको म्हणत होता, देवाने त्यालाच राजापुढे उभा केला. प्रभूने बरोबर घेतले ते मासे धरणारे, त्यांच्या अंगाला डहाणूच्या बंदराचाच वास येत असणार. ऐन वेळी प्रभूबद्दल "मी त्याला ओळखत नाही" म्हणणाऱ्याच्याच हाती प्रभूने पुढे मंडळी दिली. हे सगळं साहेबांनीच वाचून दाखवलं होतं. पुढच्या खुर्चीवरून. मला वाटायचं, जुन्या काळच्या मोठ्या माणसांचं काहीतरी चाललंय. ते आमचं चाललं होतं. सतरंजीवरच्यांचं.

पाड्यावरची बातमी साहेबांपर्यंत पोचायला कितीसा वेळ? रविवारी त्यांनी मला पुढे बोलावलं. "कमिटीला न विचारता हा घरी जाऊन प्रार्थना करतो. मरणाच्या दारातल्या बाईपुढे जेवणाची प्रार्थना! चेष्टा आहे ही. म्हण, मी अजाण आहे, चूक झाली, पुन्हा करणार नाही."

जोक तोंडात तयार होता. "साहेब, पेज तर खाल्ली ना तिने!" असं म्हणून सलाम ठोकला असता तर सगळे हसले असते. साहेबांनी पाठीवर थाप मारली असती. सोमवार मात्र गेला असता. काकी दाराकडे बघत पडली असती.

आणि मला कळलं, माझी हवा कुठून जात होती. त्या सलामातून.

"मी अजाण आहे," मी म्हणालो. "नववी नापास. प्रार्थना चुकली, तेही खरं."

साहेबांनी मान डोलावली.

"पण पुन्हा करणार. उद्या सोमवार आहे. जाणार."

"काय बोललास?"

"लायकी तुमच्याकडे असेल, साहेब. तुम्ही अंगणातून परत आलात. तिला तुमचा शब्द ऐकू गेला नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाळकांनी जमिनीकडे बघितलं. मागून आई ओरडली, "बस ना रे खाली, माझं वाडीतलं काम जाईल!"

गेलंच. पुढच्या हंगामात आईला वाडीत बोलावलं नाही. कितीतरी दिवस ती माझ्यापुढे ताट आपटायची. माईक दुसऱ्याकडे गेला.

काकी त्या उन्हाळ्यात वारली. चमत्कार वगैरे झाला नाही, सांगून टाकतो. दर सोमवारी गेलो असंही नाही. एकदा गाडी बंद पडली, एकदा नुसता कंटाळा केला. तो कंटाळा अजून टोचतो.

आता दुसऱ्या घरांतून फोन येतात. शब्द अजून चुकतात. तुम्हालाही कोणी विचारलं असेल, तुझी लायकी काय? सांगा, लायकी नाही. आणि निघा. लायक होईपर्यंत थांबायला आजारी माणसाकडे वेळ नसतो. कमिटीने जाब विचारायला बोलवावं, खुर्चीवरून उठून बोलावं, मंडळीतून नाव काढावं. ज्याला अंगणातून बोलायचंय त्याने बोलावं. मी उंबरा ओलांडणार.