न पाहिलेल्या गावचा वाटाड्या

रस्ता सांगायचा झाला की मामा आधी डोळे मिटायचे. मग उजवा हात पुढे करून तळहात हळूहळू डावीकडे, उजवीकडे वळवायचे, जणू अंधारात भिंत चाचपताहेत. "तसल्लीनं चला," म्हणायचे, "गडबड केली की वळण हुकतंय." साधं पोस्ट कुठे आहे विचारलं तरी हेच. पिंपरीत तेव्हा रस्ते होते किती? मुंबईकडे जाणारा एक मोठा, बाकी सगळ्या पायवाटा.

आमच्या कारखान्यात ते बाटल्या धुण्याच्या खात्यात होते. धुतलेली बाटली उजेडाकडे धरून, एक डोळा बारीक करून पाहायचे आणि मगच पुढे सरकवायचे. मराठवाड्यातून आलेले, पन्नाशीचे, एकटे. नाव हजेरीपटावर असेल. आम्हाला ते मामाच. तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा माणूस असेल, ज्याच्याबद्दल सगळ्यांना माया असते आणि माहिती कुणालाच नसते.

त्या वर्षी आम्ही बाराजणांनी हैदराबादला जायचं ठरवलं. शुक्रवारी सणाची सुट्टी, शनिवारची रजा टाकायची, रविवार आपलाच. गुरुवारी सकाळची शिफ्ट संपवून निघायचं आणि सोमवारी दुपारच्या शिफ्टला हजर व्हायचं. गाड्यांचं चिंचवडच्या बबन फिटरनं पाहिलं. तिथे पोचल्यावर काय, हा प्रश्न आला तेव्हा मामा भाकरी बाजूला ठेवून म्हणाले, "ते माझ्याकडं द्या."

आणि डोळे मिटले.

"ठेसनातून भाईर पडलं की डाव्या हाताला चला. कुणाला इचारू नका. नाकाला भाजलेल्या मक्याचा वास आला की बांध जवळ आला. तलावाच्या बांधावर पाणी डाव्या हाताला ठिवायचं. वारा आसा येतो की टोपी हातात धरावी लागती." चार मिनारांपाशी उजवीकडे वळल्यावर बांगड्यांची दुकानं, त्यांतलं तिसरं वाजवी भावाचं. पंधरा दिवस, रोज जेवणाच्या सुट्टीत एकेक रस्ता. मी तो वहीत उतरवून घेत होतो.

माझ्याबद्दल सांगायला हवं. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि युनियनची पत्रकं वाचून वाढलो होतो. खोटं दिसलं की ते उघडं पाडायचं, समोर साहेब असो की सोबती, एवढं एकच मला येत होतं. एके दिवशी सहज विचारलं, "मामा, त्या तलावाच्या पाण्याचा रंग कसा आहे?"

मामांनी डोळे उघडले. "रंग?" म्हणाले, "ते इचारायचं ऱ्हायलं."

"विचारायचं? म्हणजे तुम्ही पाहिलेलंच नाही?"

"न्हाई पाह्यलं."

"मग इतके दिवस आम्हाला काय सांगत होता?"

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसले. बबन म्हणाला, "जाऊ दे ना भावा, कुनाचं काय बिघाडलं?" पण मला बिघडलेलं दिसत होतं. ऐकीव गोष्टींवर माना डोलावणारा कामगार उद्या मालकाच्या गोष्टींवरही डोलावणार. त्याच संध्याकाळी मी कार्बन घालून वीस कागद लिहिले. मथळा दिला 'न पाहिलेल्या गावचा वाटाड्या'. भाषा धारदार होती. मला फार आवडली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साऱ्या खात्यात हशा. मामा दिसले की कुणीही डोळे मिटून हातानं हवा चाचपत चालायचं. संध्याकाळी मामा माझ्याकडे आले. हातात घडी घातलेला कागद.

"लेकरा, मला वाचता येत न्हाई. सगळे कामून हसायलेत? काय लिव्हलंय वाच बरं."

मी कागद उलगडला. अक्षर माझंच. आणि मी वाचलं, "सहल गुरुवारी निघेल. सर्वांनी दोन वेळची भाकरी बरोबर घ्यावी."

"आन?"

"आणि काही नाही."

"चांगलं लिव्हलंय," म्हणून त्यांनी कागद परत घेतला, नीट घडी घालून खिशात ठेवला. सकाळी बबनकडे जाऊन यादीतलं आपलं नाव काढलं. म्हणाले, बाटल्या लई साचल्यात.

आम्ही अकराजण गेलो. स्टेशनाबाहेर मी वही उघडली, ती मिटायला तीन दिवस जमलं नाही. डाव्या हाताला चला. मक्याचा वास. वारा इतका की बबनची टोपी उडाली आणि कुणीच हसलं नाही. बांगड्यांचं तिसरं दुकान खरंच वाजवी होतं. प्रत्येक वळणावर मी एक चूक शोधत होतो, कारण आता मला एका चुकीची फार गरज होती. ती सापडली नाही.

सोमवारी मी थेट मामांच्या टाकीपाशी गेलो. "तुम्हाला हे सगळं कुणी सांगितलं?"

त्यांनी हातातली बाटली आधी उजेडाकडे धरून पाहिली.

"निजामाच्या शेवटच्या वर्साला माझ्या बैलगाडीत कडब्याखाली कागद सापडले. गावातल्या एका शिकलेल्या पोरानं ठिवले व्हते. काय व्हतं त्यात, मला कुठं वाचता येतंय? आठ महिने हैदराबादच्या तुरुंगात व्हतो. शेजारी तितलाच एक शिंपी. डोळे मिट म्हणायचा, आज ह्या गल्लीत जाऊ. रोज एक गल्ली. सुटल्यावर दोघं चालून बघू म्हणला. तो तापानं आतच गेला. मला सोडलं ते शिपायांनी ठेसनावर नेऊन आगगाडीतच बसवलं. एकडाव उघड्या डोळ्यानं चालायचं व्हतं, त्याच्या वाटचं."

"आणि तो शिकलेला पोरगा?"

"त्यो कुठं घावला? कागद लिव्हणारा कधी घावतो व्हय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुझा कागद बबननं मला सकाळीच वाचून दावला व्हता."

"मग संध्याकाळी माझ्याकडे कशाला आणलात?"

"म्हणलं, ज्यानं लिव्हलंय त्याच्या तोंडून ऐकावं. तू दुसरंच वाचलं."

मला त्या टाकीच्या वाफेत दिसेनासं व्हायचं होतं. माफी मागायला तोंड उघडलं, तर मामांनीच हात वर केला. "ऱ्हाऊ दे. एवढं सांग, पाण्याचा रंग कसा व्हता?"

आणि त्यांनी डोळे मिटले.

बांधावर मी तासभर चाललो होतो. पाणी डाव्या हाताला होतं. माझी नजर मात्र सारा वेळ वहीवर होती, मामांची चूक शोधत. मी ते पाणी पाहिलंच नव्हतं. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"निळं," मी म्हणालो. "निळं आहे, मामा."

त्यांनी मान हलवली, तळहात एकदा हळूच डावीकडे वळवला आणि पुढची बाटली उचलली.

त्या उन्हाळ्यात काम सोडून ते गावी गेले. टाकीपाशी आता दुसरा माणूस आहे. तो बाटल्या उजेडाकडे धरत नाही. मामा तिकडे कुणाला तरी तो रस्ता सांगत असतील, तसल्लीनं, डोळे मिटून. बाकीचं सगळं त्या शिंप्याचं असेल आणि खरं असेल. फक्त शेवटी, पाणी निळं असतं, असं ते माझ्या शब्दावर सांगत असतील.