सिंहासनातली खसखस

वाळवीतलं सगळं आपल्याला कळतं, असं आमच्या बाबांचं मत होतं. अंधेरीत आम्ही तळमजल्यावर राहायचो. जमिनीतून वाळवी यायची, मातीच्या रेघा काढत भिंतीवर चढायची आणि दाराच्या चौकटीत शिरायची. बाबा त्या रेघांवर रॉकेल ओतायचे आणि आम्हाला समोर उभं करून सांगायचे, "माती दिसली की वाळवी. माती नाही, तर वाळवी नाही." जूनमध्ये दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीची झुंबड उडायची. ती बाबांच्या मते नुसती पाहुणी होती. पाहुणी पंख टाकून कुठे जाते हे त्यांनी कधी पाहिलं नाही. चौकट आतून पोकळ झाली होती, पण तो विषय घरात काढायचा नसे.

एका दिवाळीच्या तोंडावर बाबांनी मढच्या एका बंगल्यातून जुनी खुर्ची आणली. शूटिंगमध्ये तिच्यावर म्हणे राजा बसायचा. सोनेरी रंग, हातांच्या टोकाला सिंहाची तोंडं. वर्सोव्याला होडीतून उतरवताना होडीवाला म्हणाला, "खुर्ची आली, राजा कुठंय?" बाबांना राग आला. आणि माती कुठेच नाही हे त्यांनी खुर्ची उलटी करून तपासलं होतं.

हा थाट आत्यासाठी होता. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती आमच्याकडेच राहायची आणि मरोळच्या एका कारखान्यात टायपिस्ट होती. तिला दोन ठिकाणांहून नकार आला होता. कारण एकच, मुलगी फार मोठ्यानं हसते. हसायची खरंच मोठ्यानं, बसस्टॉपपर्यंत ऐकू जायचं. मला तिचं हसणं फार आवडायचं. दुसऱ्या नकारानंतर मात्र ती हसेनाशी झाली, आणि मला घरात करमेना. आता दिवाळीत तिसरं स्थळ येणार होतं.

खुर्चीचा रंग फरशी पुसताना जाऊ नये म्हणून बाबांनी खाली वर्तमानपत्र घातलं. दुसऱ्या दिवशी त्या कागदावर चिमूटभर खसखस. आईनं थेट माझा कान धरला.

"अनारशांची खसखस चोरून राणीसारखी इथे बसून खातेस काय गं?"

मी देवाची शपथ घेतली, मग आत्याची घेतली. उपयोग शून्य. रोज सकाळी कागदावर खसखस आणि आईच्या हातात माझा कान. अन्न टाकायचं नाही म्हणून आई कागद अलगद दुमडून ती परत डब्यात ओतायची. कार्टी एवढी चोरते तरी डबा कमी कसा होत नाही, हा प्रश्न तिला एकदाही पडला नाही. निरपराध माणसाचं कोण ऐकतं!

ठरल्या दिवशी मुलगा आणि त्याची आई आले. "काही झालं तरी हसायचं नाही," असं आत्याला बजावलेलं. मुलाला सिंहासनावर बसवलं. पोहे सगळेच देतात म्हणून आईनं आपले नावाजलेले अनारसे पुढे केले. मुलाच्या आईनं पहिलाच घास घेऊन म्हटलं, "वा! खसखस अगदी सढळ हातानं लावलीय." आई लाजली.

मुलगा बिचारा आमच्यापेक्षा घाबरलेला. काही सुचेना म्हणून तो सिंहाच्या तोंडाशी चाळा करत बसला. एकदम सोनेरी रंगाचा पोपडा फुटला, बोट आत गेलं आणि सिंहाच्या तोंडातून खसखशीची धार लागली.

मी आनंदानं किंचाळले, "बघ आई! खुर्चीतून येते! मी नव्हती चोरली!"

धारेमागून दोन-तीन पांढरे किडे बाहेर पडले. बाबा खाली वाकून म्हणाले, "पण माती कुठाय?"

"काका, ही लाकडातलीच वाळवी," मुलगा चाचरत म्हणाला. "हिला माती लागत नाही. आमच्या कपाटात पण होती ना."

"मग ही खसखस?" आईनं विचारलं.

मुलानं ताटलीकडे पाहिलं, मग स्वतःच्या आईकडे. "ती पोट साफ करून भोकातून बाहेर टाकते... ते."

आत्या मान खाली घालून बसली होती. तिचे खांदे हलायला लागले. मी मनात म्हटलं, आता वाट लागली. आणि ती हसली. पदर तोंडात कोंबूनही ते हसणं बसस्टॉपपर्यंत गेलं असणार. बाबांनी डोळे मिटून घेतले.

मुलाच्या आईनं हातातला अर्धा खाल्लेला पाचवा अनारसा ताटलीत ठेवला.

"नेहमी अशीच हसतेस?"

आईनं आत्याला डोळ्यांनी खुणावलं, नाही म्हण. आत्यानं पदरानं डोळे पुसले. "हो," ती म्हणाली.

"मग ये बाई आमच्याकडे. चार अनारसे खाऊन बसलेय मी. आता नकार द्यायला तोंड कुठे उरलंय मला?"