गुळगुळीत बोटांचा ओटिस

ओटिस हॅमरिकशी पहिल्यांदा हात मिळवणारा माणूस हमखास आपल्या तळहाताकडे बघायचा. चाळीस वर्षं विटा रचून आणि ओल्या चुन्यात हात घालून त्याच्या बोटांची टोकं नदीतल्या गोट्यांसारखी झिजली होती. पिजन फोर्कच्या खोऱ्यातली निम्मी धुराडी त्याच्या हातची. चर्चचं धुराडं तेवढं किंचित डावीकडे कललेलं आहे, पण त्यात त्याचा दोष नाही. पाळकबुवा खाली शिडी धरून उभे होते आणि दिवसभर त्याला नरकाचं वर्णन ऐकवत होते. अशा वेळी ओळंब्याकडे कोण बघणार? "देवाकडं झुकलंय," असं ओटिस म्हणायचा, आणि लोक हसून सोडून द्यायचे.

तर या चर्चमध्येच एका रविवारी, भर दुपारी, तो आणि त्याची बायको विल्डा जेवायला थांबले होते. प्रार्थनेनंतर घरोघरची भांडी एकत्र मांडून जेवायची तिथली पद्धत, आणि विल्डाच्या शेंगांच्या भांड्याला मागणी फार. तेवढ्यात इकडे कुणीतरी त्यांच्या स्वयंपाकघराचं दार फोडलं. विल्डाच्या पाठदुखीच्या गोळ्या गेल्या. कपाटात मोज्यात गुंडाळून ठेवलेलं ओटिसच्या बापाचं जुनं रिव्हॉल्व्हर गेलं. आणि टेबलावर सफरचंदाचं सारण भरून भाजलेला गोड पाय होता, तो चोरानं अर्धा खाल्ला, सुरी धुतली, पुसली आणि जागेवर ठेवून गेला.

"आईनं वळण चांगलं लावलंय पोराला," विल्डा म्हणाली.

ओटिसला मात्र त्या धुतलेल्या सुरीनंच धडकी भरली. घाबरलेला चोर त्याला समजला असता. पण आपल्या घरात निवांत बसून पाय खाणारा, आपल्या नळाखाली सुरी धुणारा माणूस काही केल्या त्याच्या डोक्यातून जाईना.

शेरीफचा माणूस यायला पंचावन्न मिनिटं लागली. बिचारा भला होता. टोपी काढून म्हणाला, "हॅमरिक साहेब, अख्ख्या काउंटीला आम्ही आज दोघंच आहोत. आम्ही पोचेपर्यंत तुमचं तुम्हालाच बघावं लागतं."

तो निघून गेला, पण त्याचं ते वाक्य घरातच राहिलं.

ओटिसनं नवं पिस्तूल आणलं आणि सहा पावलांचा नियम केला. घरात तो कुठंही असला तरी पिस्तूल सहा पावलांच्या आत. सकाळी ते पावाच्या डब्यामागे असायचं, दाढी करताना टॉवेलखाली, जेवताना मांडीशेजारच्या खुर्चीवर. घर रिकामं ठेवायचं नाही, हा दुसरा नियम. चर्च सुटलं. मासेमारी सुटली. सख्ख्या भावाला मूठमाती देऊन तो कबरीवरूनच परत फिरला, जेवायला थांबला नाही. विल्डा बाजारात गेली की हा खिडकीत.

"चोर आला आणि अर्ध्या तासात गेला," विल्डा म्हणायची. "तू मात्र दोन वर्षं झाली, इथंच ठाण मांडून बसलायस."

आणि मग ती व्हर्जिलची गोष्ट काढायची. व्हर्जिल हा तिचा मामेभाऊ, उशीखाली पिस्तूल घेऊन झोपणारा. एकदा झोपेतच त्यानं ते काढलं आणि शेजारच्या ग्लासातली स्वतःची कवळी उडवली. नवी करायला तो कधी गेलाच नाही, आणि पुढची अकरा वर्षं सूप पिऊन राहिला.

"व्हर्जिल झोपेत चालायचा, बोलायचा, गाणी म्हणायचा," ओटिस म्हणायचा. "मी झोपेत कूससुद्धा बदलत नाही."

"झोपशील तर बदलशील ना!"

असं चाललं असतं कितीही वर्षं. पण त्यांची मुलगी रोंडा तिकडे गावातल्या इस्पितळात कामाला, तिचा नवरा पाइपलाइनच्या कामावर दोन राज्यं पलीकडे, आणि त्यांची टेसा चार वर्षांची. तिचं पाळणाघर अचानक बंद पडलं. सोमवार ते शुक्रवार पोरीला ठेवायचं कुठं? आजीआजोबांकडे, आणखी कुठं! ओटिस इतका खूश झाला की त्यानं जुन्या ट्रकच्या टायरचा झोका बांधला, आणि त्यावर स्वतः बसून दोर तपासला.

रोंडा बोलणी करायला आली. पाव घ्यायला तिनं हात पुढे केला आणि थांबली.

"डॅडी, डब्यामागं हे काय?"

"पाव."

"हे पिस्तूल आहे."

"मग विचारतेस कशाला?"

"पोर येणार इथं. कुलपात ठेव हे."

"अगं, किल्ली शोधेपर्यंत तो पाय खाऊन, सुरी धुऊन जाईल की!"

"डॅडी, मी भांडायला आले नाही. कुलपात नसेल तर टेसा येणार नाही."

ती गेल्यावर ओटिस बराच वेळ झोक्याकडे बघत बसला. मग त्यानं विल्डाला खिडकीत बसवलं आणि तो बर्ल टीटरच्या दुकानात गेला. बर्लकडे खिळ्यापासून शवपेटीच्या कड्यांपर्यंत सगळं मिळतं.

"तुझ्यासाठीच आलीय ही," बर्लनं एक काळी पेटी काउंटरवर ठेवली. "किल्ली नको, आकडे नकोत. बोट ठेवायचं, दोन सेकंदांत उघडी. दुसऱ्या कुणाला दाद देणार नाही."

पेटीला आधी बोट शिकवावं लागतं. ओटिसनं अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला, लाल. दुसरं बोट, तिसरं बोट, डावा हात, सगळं लाल. बर्लनं स्वतःचं बोट ठेवलं, पहिल्याच फटक्यात हिरवा, आणि पेटीनं दोन सूरही वाजवले. दुकानात खत घ्यायला आलेल्या माणसाचंही बोट पेटीनं आनंदानं घेतलं.

"ओटिस, तुला बोटंच नाहीत रे!" बर्ल डोळे पुसत म्हणाला. "तरुणपणी सांगितलं असतंस तर दोघं मिळून बँक लुटली असती."

खतवाल्यानं उपाय सांगितला. गाईच्या सडाला लावायचं मलम बोटांना चोपडायचं, वरून हातमोजे घालायचे आणि तीन आठवडे विटेला शिवायचं नाही, रेषा परत येतात. ओटिसनं तेही केलं. विल्डाचे चर्चला जायचे पांढरे हातमोजे घालून तो खिडकीत बसला. रस्त्यानं जाणाऱ्या शेजाऱ्यानं गाडी थांबवून विचारलं, "नवरीचा बाप का रे तू?"

पण तीन आठवडे होते कुणाकडे? सोमवार चार दिवसांवर आलेला.

शनिवारी सकाळी त्यानं मोजे काढले, पेटी मांडीवर घेतली आणि गवंड्याच्या हिशेबानं कामाला लागला. विटांमधली सांध एका थापीत भरत नाही, हे त्याला आयुष्यभर ठाऊक. थोडं भरायचं, दाबायचं, पुन्हा भरायचं, ठासून जाईपर्यंत. दुकानातली बोटं बर्लनं पुसून दिली होती, आणि पेटीत वीस बोटांची जागा होती. घरात चार माणसं असतील, पाहुणारावळा असेल, म्हणून वीस. ओटिसनं अंगठा सरळ ठेवला, तिरका ठेवला, ओला करून ठेवला, पिठात बुडवून ठेवला. दुपारी कधीतरी पेटी कंटाळली आणि तिनं एकदा हिरवा दिवा दाखवला. मग त्यानं थांबायला हवं होतं. पण अर्धी सांध सोडून उठणारा गवंडी तो नव्हे. रविवार संध्याकाळपर्यंत त्यानं वीसच्या वीस जागा आपल्या एका अंगठ्यानं ठासून भरल्या. आता दहातल्या नऊ वेळा पेटी उघडू लागली. त्यानं ती पलंगाच्या बाजूला स्क्रूनं पक्की केली.

सोमवारी रोंडानं स्वतःची दहाही बोटं लावून बघितली. सगळी लाल. तिनं बापाच्या गालाचा मुका घेतला.

पुढचे तीन आठवडे घराला घरपण आलं. टेसा दिवसभर 'पॉपॉ, पॉपॉ' करत मागे फिरायची. ओटिस अजून खिडकीत बसायचाच, पण आता मांडीवर कुणीतरी असायचं, आणि येणाजाणाऱ्या गाड्या दोघं मिळून मोजायचे.

एका बुधवारी दुपारी विल्डा मागे कपडे वाळत घालत होती. टेसाला सफरचंदाचा मुरंबा लावून बिस्किट दिलेलं, आणि ओटिस चुलीवरच्या बीन्स ढवळत होता. झोपायच्या खोलीतून दोन सूर आले, एक खालचा, एक वरचा.

हिरव्या दिव्याचे सूर होते ते. ते वाजवणारा अंगठा घरात एकच होता, आणि त्या अंगठ्यानं तर डाव धरलेला.

तो दारात पोचला. पेटीचं झाकण वर. टेसा पेटीसमोर गुडघ्यांवर, मुरंब्यानं माखलेला हात पेटीच्या कडेवर.

"पॉपॉ! मलापण हिरवा!"

ओरडावं तर पोर दचकेल आणि दचकलेला हात हाती येईल ते धरेल. धावावं तर तिला खेळ वाटेल. दारापासून पेटी सहा पावलं. हे अंतर त्यानं दोन वर्षं मापून ठेवलेलं, पण आजवर पिस्तूल गाठायला.

"टेसा," तो म्हणाला, आणि आपला आवाज इतका साधा कसा येतोय याचं त्यालाच नवल वाटलं. "खिडकीतून बघ, हरीण आलंय."

ती उठून खिडकीकडे पळाली. "कुठंय?"

"झोक्यापाशी बघ." त्यानं झाकण लावलं. मग तो पलंगाच्या कडेला बसला.

"नाहीये, पॉपॉ."

"गेलं वाटतं."

विल्डा आत आली तेव्हा तो टेसाचा हात धुऊन पुन्हा पेटीवर लावून बघत होता, पेटीचं झाकण मांडीनं घट्ट दाबून धरून. स्वच्छ हाताला लाल. मुरंबा लावला की हिरवा. पेटीला त्यानं आपलं बोट शिकवलंच नव्हतं. रेषा नसलेलं काहीही चालतं, एवढंच तिला वीस वेळा शिकवलं होतं.

"पाचला रोंडा येईल," सगळं ऐकून विल्डा म्हणाली.

"तिला कशाला सांगायचं? मी दुसरी आणतो, किल्लीची. उद्याच आणतो. काही झालं तर नाहीच ना!"

"ओटिस हॅमरिक."

पूर्ण नाव घेऊन विल्डा वर्षातून एखाद्या वेळीच बोलायची.

पाचला त्यानं रोंडाला ओसरीवर गाठलं आणि सगळं सांगितलं. बोटं, वीस जागा, मुरंबा, काही गाळलं नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"भरलेलं होतं?" तिनं विचारलं.

"भरलेलंच असतं."

ती रेलिंगला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "टेसा यायची तर ते घरात नको, डॅडी. पेटीत नको, कुलपात नको. घरातच नको."

ओटिसनं हो म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण मध्येच ती पंचावन्न मिनिटं येऊन बसली. ती निवांत धुतलेली सुरी येऊन बसली. विल्डा, टेसा आणि रिकामे हात घेऊन बसलेला तो स्वतः. शब्द काही बाहेर पडेना. रोंडा वाट बघत होती. तिनं पुरेशी वाट बघितली.

"कळलं," ती म्हणाली, आणि तिनं पोरीला गाडीत बसवून पट्टा लावला.

त्यानंतर आठ दिवस घर अगदी सुरक्षित होतं. पिस्तूल सहा पावलांत, दाराला दोन कड्या, ओटिस खिडकीत. विल्डा कामापुरतं बोलायची. एरवी तिनं व्हर्जिलची गोष्ट काढली असती, तीही काढली नाही. टेसाला सध्या कुठली तरी ओळखीची बाई सांभाळत होती, आणि त्या बाईच्या घरी काय काय असेल याचा विचार करून ओटिसला घाम फुटायचा. दारातून बाहेर पडायला कुणी अडवत नव्हतं. त्याच्या हातांनी बांधलेल्या भिंती, त्यानंच बसवलेली दारं, आणि ओसरीच्या पायरीपाशी आलं की त्याचा पाय आपोआप मागे वळायचा.

नवव्या दिवशी सकाळी त्यानं पिस्तूल पेटीत घातलं आणि पेटीचे स्क्रू काढले.

"मीपण येते," विल्डा म्हणाली.

"घरी कोण?"

"कुणी नाही."

दोघं गेली. दोन वर्षांत पहिल्यांदा घर रिकामं राहिलं. बर्लनं पेटी आपल्या मोठ्या तिजोरीत टाकली.

"किती दिवस ठेवायची?"

"टेसा मोठी होईपर्यंत."

"अरे, मी एकाहत्तरचा आहे!"

"मग तब्येतीला जप."

परतताना प्रत्येक वळणावर ओटिस गाडी इतकी जोरात हाणत होता की विल्डानं डोळे मिटून घेतले. घर होतं तसंच होतं. त्यानं कपाटं उघडून बघितली आणि मग रोंडाला फोन केला.

तिनं विश्वास ठेवला नाही, स्वतः आली. पावाचा डबा, टॉवेल, पलंगाची बाजू, बीन्सचं भांडंसुद्धा उघडून बघितलं. मग म्हणाली, "सोमवारी आणते."

सोमवारी दुपारी जेवून टेसा सोफ्यावर झोपली, ओटिसचा डावा हात उशाला घेऊन. विल्डा मागच्या वाफ्यात. तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून एक गाडी वळली आणि खडीवरून वर येऊ लागली. टपालवाली सकाळीच येऊन गेलेली. इंजिनाचा आवाज ओळखीचा नव्हता. ओटिसचा उजवा हात आपला आपण शेजारच्या खुर्चीकडे गेला आणि तिथली गादी चाचपून परत आला. गाडी थांबली. तिचं दार आपटलं. पायऱ्यांवर बूट.

उठावं तर डोकं आपटेल पोरीचं. ओटिस होता तिथंच राहिला. टकटक झाली.

"कोण?" तो शक्य तितक्या हळू म्हणाला.

"काका, माझी शिकारीची कुत्री सुटलीय. पांढऱ्या कानाची. इकडं आली का?"

"नाही आली."

"काय म्हणालात?"

"नाही म्हटलं! हळू बोल, पोर झोपलंय."

बूट पायऱ्या उतरले. गाडी वळली, खडी करकरली, आणि आवाज खाली विरत जाईपर्यंत ओटिस श्वास मोजत बसला. मागच्या दारानं विल्डा आली, हाताला माती.

"कोण होतं?"

"कुत्री शोधत होता."

"मग तू एवढा घामाघूम कशानं?"

"पोरगी फार गरम आहे," ओटिस म्हणाला, आणि मुंग्या आलेला हात त्यानं तिच्या डोक्याखाली तसाच राहू दिला.