तिखट न लागलेली मिरची
शिमला मिरची चिरली की त्या वासाने राइट टाउनच्या आमच्या घरातला तो दिवस आठवतो. स्पेनला शिकणाऱ्या ताईचा फोन आला होता, समुद्रात मेदुसा डसली, पाय जळून राहिला. जेलीफिशला तिथे मेदुसाच म्हणतात, हे आम्हाला नंतर कळलं. "ग्रीक पुराणातली मेदुसा, केसांच्या जागी साप," बाबा पुटपुटले, आणि कधी समुद्र न पाहिलेल्या आईने सापच डसला असं धरलं. साप डसला की आमच्याकडे मिरची चारून बघत. तिखट लागलं नाही तर विष चढलं. "आधी मिरची खा, बेटा!" ताईने तिथलीच एक चावली. "तिखट नाही लागून राहिली, आई." आई फोनमध्ये ओरडली, "झोपू नको! बोलत राहा!" तिथली मिरचीच शिमला मिरचीसारखी बिनतिखट, हे आम्हाला कुठे माहीत! ताई आज ठणठणीत आहे; पण शिमला मिरचीचा तुकडा जिभेवर ठेवला की माझ्या छातीत अजून धस्स होतं.