अंकुशमामांचा उजेड

दिवे लागले की अंकुशमामा भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, या बाप्याला कुणी शिक्षा केली की काय! शिक्षा कसली, ते कामावर होते.

शहराच्या कडेला, मुकुंदवाडीत माझं छोटंसं पार्लर होतं. दुष्काळाची सालं, टँकरची वाट बघण्यात दिवस जायचा. लग्नंच पुढं ढकलली जात होती, तर नवऱ्या कुठून सजवणार? म्हणून मी 'तसल्या' व्हिडिओ सिनेमांच्या मेकअपला गेले. शहर मात्र वाढत होतं. नव्या कॉलनीतला न विकला गेलेला फ्लॅट घ्यायचा, खिडक्यांना घोंगड्या ठोकायच्या, आवाज नको म्हणून पंखा बंद ठेवायचा आणि हॅलोजनच्या भट्टीत शूटिंग करायचं. दिग्दर्शक आणि कॅमेरामन एकच. त्यांना सगळे सर म्हणत, शिकवत काही नसले तरी.

दिवे मामांचे स्वतःचे होते आणि रीतही त्यांचीच. सिनेमात काम करणाऱ्या बाईच्या जागी ते आधी मला अंगभर साडीत बसवायचे आणि माझ्यावर उजेड जमवायचे. 'तुझ्यावर बघितला म्हंजी तिच्यावर बघायला नको,' म्हणायचे. मग ज्याचं काम नाही त्याला तंबाखू मळायला बाहेर हाकलायचे. माठातलं पाणी आधी बाईला. सर "लाईट" म्हणून ओरडले तरी मामांचा हात बटणावर तसाच. ते आधी विचारायचे, "लावू का, ताई?" तिनं हो म्हटलं की उजेड, ती बस म्हणाली की अंधार. सर चिडले की मामांचं उत्तर तयार असायचं, "बाई व्हय म्हणल्याबिगर आपला लाईट पेटत नसतो."

सिल्लोडकडची सुमन तिथं आली ती एका अटीवर. चेहरा दिसता कामा नये. नवऱ्यानं टाकलेली, तिशी ओलांडलेली बाई, मुलगी आजीकडे वाढत होती. गावात कुणी ओळखलं तर त्या लेकराचं काय, एवढीच तिची धास्ती. सरांनी मान डोलावली. मामांनी मात्र काळा कपडा लावलेली एक फळी कायमची तिच्या बाजूला उभी केली. तिचा चेहरा त्या फळीच्या सावलीत असायचा.

एका दुपारी सरांनी मामांना हळूच सांगितलं, फळी जरा सरकवा, चेहरा आला पाहिजे, माल घेणारे अडून बसलेत. तिला कळणारही नाही. सुमन पाठमोरी बसली होती. मामांनी फळी सरकवली. मग नेहमीच्याच आवाजात त्यांनी विचारलं, "ताई, आज सर म्हणत्यात चेहरा दिसू द्या. लावू का?"

सुमन गर्रकन वळली. पदर तोंडावर ओढून नाही म्हणाली.

मामांनी वायर काढून घेतली. आधी माझ्यावर जमवलेले दिवे अजून तापलेले होते, त्यांना हात लावायची सोय नव्हती. त्यामुळं काम सोडलेला हा माणूस दिवे निवेपर्यंत पेटीवर बसून राहिला आणि सर समोर उभे राहून त्यांचा उद्धार करत राहिले. मामा मधूनमधून दिव्याला बोट लावून बघायचे. मला हसू येत होतं आणि रडूही. त्यानंतर आम्हा तिघांनाही तिथं कुणी बोलावलं नाही. सुमननं शिवणकाम धरलं, मामा मंगल कार्यालयांत लग्नाच्या व्हिडिओचे दिवे धरू लागले. तिला कुणीही ओळखलं नाही, कधीच नाही.

मामा गेले त्याच्या आदल्या साली सुमनच्या मुलीचं लग्न झालं. नवरीला मीच सजवलं. दिवे धरायला अंकुशमामाच पाहिजेत, हा सुमनचा हट्ट. मामा थकले होते. वधूमाय म्हणून सुमनला व्हिडिओत घ्यायची वेळ आली तसा व्हिडिओवाला पोरगा "लाईट, लाईट" करू लागला. मामा सावकाश सुमनजवळ गेले.

"लावू का, ताई?"

सुमननं डोक्यावरचा पदर नीट मागं सारला. म्हणाली, "लावा, मामा. आज तोंडावर लावा."

उजेड पडला. पाहुण्यांच्या गर्दीत तिचा चेहरा लख्ख दिसत होता, आणि मामा एकदाचे भिंतीकडे न वळता तिच्याकडे बघत उभे होते.