जेटीवर लागलेला पाय

"सलवार जरा वर घे. दिसत नाही."

फोटोवाला मला म्हणाला. मी स्टेजवर उभी. काखेत दोन नव्याकोऱ्या कुबड्या, वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. एका बाजूला संस्थेचे अध्यक्ष, गळ्यात हार. दुसऱ्या बाजूला प्राचार्य. समोर अख्खं कॉलेज. माझ्या वर्गातल्या मुली पुढेच बसलेल्या, माझ्याकडे बघत.

मला कुबड्या लागत नव्हत्या. स्टेजच्या पायऱ्या मी माझ्या पायांनी चढून गेले होते. एक आईने दिलेला, एक कारागिराने बनवलेला. पण वाटपाला कुबड्याच आणल्या होत्या, आणि त्या कुणाला तरी द्यायच्या होत्या.

मी हलले नाही. तेव्हा मॅडम पुढे आल्या. आमच्या मराठीच्या मॅडम. "अगं, एक मिनिटाचं तर काम," म्हणाल्या आणि खाली वाकून त्यांनीच माझी सलवार गुडघ्यापर्यंत वर केली. ती खाली घसरू नये म्हणून घोट्यापाशी हात धरून ठेवला. फोटो निघाला. टाळ्या झाल्या.

त्यांचा हात मला कळला नाही. कसा कळणार? तिथे रबर. मी नुसती वरून बघत होते. माझ्या पायाला कुणीतरी धरलंय, आणि मला काहीच लागत नाही.

आता हे पहिल्यापासून सांगते.

मी तिसरीत होते. भातकापणीचे दिवस. शेताच्या बांधावर मला फुरसं चावलं. साप लहान, विष जबर. आधी गावातल्या माणसाने मंत्र टाकला, मग तालुक्याचा दवाखाना, मग अलिबाग, मग मुंबई. इतकं फिरून जीव वाचला, पण डावा पाय गुडघ्याखालून गेला. घरी आले त्या दिवसापासून आईने एकच धोशा लावला, पाय कुणाला दाखवायचा नाही. कापून उरलेल्या पायावर, खोट्या पायाच्या आत घालायचा मोजा ती रोज स्वतः धुवायची आणि चुलीमागे वाळत घालायची. अंगणातल्या दोरीवर तो मोजा कधी आला नाही.

गावाला माहीत होतं. गावापासून काय लपतं? पण बारावीनंतर मी खाडीपलीकडच्या कॉलेजात नाव घातलं. दिघीहून बोटीत बसायचं, आगरदांड्याला उतरायचं, पुढे एसटी. आणि खाडीच्या त्या बाजूला कुणालाच काही ठाऊक नव्हतं. तिथे मी जराशी लंगडणारी मुलगी होते, बस्स. कुणी विचारलं तर "लहानपणी पडले" म्हणायचं, विषय मिटला. मुली मला चिडवायच्या त्या माझ्या डब्यातल्या सुकटीवरून. डबा उघडला की नाकं धरायच्या, "आली जेटी वर्गात" म्हणायच्या, आणि मग माझीच सुकट खाऊन टाकायच्या. किती बरं वाटायचं म्हणून सांगू. चारचौघींसारखी माझी चेष्टा व्हावी, याहून मोठं सुख मला माहीत नव्हतं.

अडचण एकच होती. परीक्षा तिसऱ्या मजल्यावर. जिने चढले की आतली कातडी घासायची, फोड यायचे, फुटायचे. मोज्याला रक्त लागायचं. पेपर लिहिताना अर्धं लक्ष प्रश्नात, अर्धं त्या ठणक्यात. पहिलं वर्ष मी तसंच काढलं. दुसऱ्या वर्षी धीर करून मॅडमना गाठलं. लायब्ररीच्या कोपऱ्यात, कुणी नाही बघून. त्या मला आवडायच्या. छान शिकवायच्या, माझ्या निबंधावर तांबड्या शाईने कौतुक लिहायच्या.

"मॅडम, मला परीक्षेला खालची खोली मिळेल का? पण कारण कुणाला सांगू नका."

आणि मी त्यांना पाय दाखवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "वेडी आहेस का? माझ्या पोटात राहील," म्हणाल्या.

त्या दुष्ट असत्या तर बरं झालं असतं. मनसोक्त शिव्या घालता आल्या असत्या. पण त्या दुष्ट नव्हत्या. त्यांनी खोलीसाठीच प्राचार्यांना सांगितलं. प्राचार्यांनी कौतुकाने अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्षांचा दिव्यांगांसाठी कार्यक्रम ठरला होता आणि कॉलेजातून कुणी सापडत नव्हतं. मी सापडले. शिपाई वर्गावर येऊन म्हणाला, "तुला हॉलमध्ये बोलावलंय." मला वाटलं, खोलीचं काम झालं.

तो फोटो आठवड्याभरात फ्लेक्सवर चढला. अध्यक्ष हसतायत, मी मान खाली घातलेली, आणि मध्ये माझा पाय. वर लिहिलेलं, 'मदतीचा हात'. खाली माझं नाव, वडिलांच्या नावासकट. तो लावला कुठे, तर आगरदांड्याच्या जेटीवर. अख्ख्या खाडीची माणसं जिथून येतात-जातात तिथे.

मला तो आधी दिसला नाही. आईला दिसला. ती पावट्याच्या शेंगा विकायला पलीकडे गेली होती. परत आली, पाटी खाली ठेवली आणि तशीच उभी राहिली.

"तुजा फोटू लागलाय जेटीवर," म्हणाली. मग हळूच, "पाय पन लागलाय."

मी पाटी उचलून आत ठेवली.

"तू न्हाय म्हनालीस का गो त्यांना?"

मी नाही म्हणालेच नव्हते. हो पण म्हणाले नव्हते. मला कुणी विचारलं होतं कुठे? त्या दिवशी आईने मोजा धुतला आणि अंगणातल्या दोरीवर टाकला. आता कशाला लपवायचा, असं ती बोलली नाही. पण तो मोजा वाऱ्यावर हलताना बघून मी घरात जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी बोटीत माणसं उठून जागा द्यायला लागली. "बस बाय, बस." आधी मी कठड्याला धरून उभी असायचे, वारा खात. आता उभं राहायची सोय नव्हती. वर्गात डबा उघडला तर कुणी नाक धरलं नाही. सगळ्या एकदम गोड झाल्या. गोड बोलायच्या, माझी बॅग उचलायच्या आणि नजर सारखी खाली, माझ्या सलवारीच्या काठाशी. एकजण कानात म्हणाली, "दाखव ना एकदा, तो पाय कसा असतो." सुकटीवर त्यानंतर कुणीच बोललं नाही. मी घरी येऊन आईला सांगितलं, उद्यापासून डब्यात भाजी दे.

आणि तो हात. स्टेजवर जो कळला नव्हता तो आता कळायला लागला. एसटीत बसले असताना, तासाला, जेवताना. नसलेल्या घोट्यावर बोटं पडायची. घट्ट. डॉक्टर म्हणतात, गेलेला अवयव कधीकधी असल्यासारखा वाटतो, खाजतो, दुखतो. ते मला लहानपणापासून ठाऊक होतं, त्याची भीती गेली होती. पण हा पाय नव्हता. हा दुसऱ्याचा हात होता, आणि तो झटकायला माझ्याकडे पाय नव्हता.

महिन्याभरात फ्लेक्स उतरला. मला वाटलं, सुटले. पण आमच्याकडे फ्लेक्सला मरण नाही. कौलं उडाली की छपरावर, नाहीतर गोठ्यावर, होडीवर, सरपणावर. मावसबहिणीच्या सासरी निघाले होते. एसटीच्या खिडकीतून एका घरामागे लाकडांचा ढीग दिसला, त्यावर निळं काहीतरी पांघरलेलं. अध्यक्षांचं तोंड दुमडून आत गेलेलं. मीही गेलेले. वर फक्त पाय. त्यावर अवकाळी पाऊस पडत होता आणि एक कोंबडी अंग चोरून बाजूला बसली होती. गाडी पुढे गेली तरी मी वळून वळून बघत राहिले. त्यानंतर कुठल्याही गावात निळं प्लॅस्टिक दिसलं की त्यावर माझा पाय आहे का ते बघणं होतं. आजही होतं.

परीक्षा आली. बोर्डावर बैठकव्यवस्था लागली. माझा नंबर तिसऱ्या मजल्यावर.

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्याच मजल्यावर. हार झाले, भाषण झालं, फोटो झाला, माझा पाय खाडीभर फिरला. खोली तेवढी द्यायची राहून गेली.

तिथे माझ्या आत काहीतरी ताठ झालं. दुसऱ्या दिवशी मी त्या कुबड्या घेऊन आले. बोटीतली माणसं बघत होती, बघू दिली. प्राचार्यांच्या दाराला त्या टेकवून ठेवल्या आणि जिन्यापाशी जाऊन पहिल्या पायरीवर बसले. घंटा झाली. पोरं माझ्या बाजूने वर गेली. प्राचार्य आले.

"काय हे? वर जा."

"मी वर जाणार नाही. पेपर खाली द्या."

"असं कसं देता येईल? काही कारण?"

"कारण तुम्ही जेटीवर लावलं होतंत, सर."

ते लाल झाले. तुझ्यासाठी एवढं केलं, वगैरे सुरू झालं. मी उठले नाही. शेवटी ऑफिसच्या कोपऱ्यात एक टेबल मिळालं. बाजूला क्लार्कचा फोन वाजत होता. वेळ गेला तो गेला, वाढवून कुणी दिला नाही. मी लिहिलं. त्या वर्षी पहिल्यांदा माझ्या मोज्याला रक्त लागलं नाही.

बाहेर मॅडम थांबल्या होत्या. "मी तुझ्या भल्यासाठीच केलं गं," म्हणाल्या.

"मॅडम, मी भलं मागितलं नव्हतं. खोली मागितली होती."

त्यानंतर आम्ही बोललो नाही.

आता मी स्वतः शिकवते. याच किनाऱ्यावर, दुसऱ्या कॉलेजात, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला नवी ऑर्डर निघाली तर नोकरी, नाही निघाली तर घरी. गेल्या वर्षी एक पोर माझ्याकडे आलं. मुलगा की मुलगी, लिहिणार नाही. कुठल्या गावचं, लिहिणार नाही. डोळ्यांचं होतं, कानाचं, रक्ताचं की मनाचं, काहीही समजा. तुमची उत्सुकता भागवायला मी बसलेले नाही.

ते पोर दारात उभं राहून नुसतं चुळबुळत होतं. तोंड उघडणार इतक्यात मीच म्हणाले, "काय झालंय ते सांगितलंच पाहिजे असं नाही. काय हवंय ते सांग." त्याने मान वर केली. जे हवं होतं ते इतकं साधं होतं की मला लाज वाटली. पुढे जेवढं कळायला हवं तेवढं कळलं. परीक्षेची बैठकव्यवस्था माझ्याकडे होती, मी अख्खी तुकडीच खाली घेतली. सगळेच खाली, मग कुणामुळे ते कुणाला कळायचं?

स्टाफरूममध्ये चहा पिताना एक सहकारी म्हणाल्या, "सगळ्यांना खाली का गं आणलंस?" प्रेमाने विचारत होत्या. आणि खरं सांगते, माझ्या अगदी ओठांवर आलं. सांगून टाकावं, अगं बिचाऱ्याचं असं असं आहे. दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, बरं वाटलं असतं. तेवढ्यात घोट्यावर बोटं पडली. घट्ट. मी म्हणाले, "खालचे पंखे चालतात."

पण प्राचार्यांना संशय आलाच. इथेही अध्यक्ष आहेत, इथेही तसाच कार्यक्रम असतो. गेल्या महिन्यात मला केबिनमध्ये बोलावलं.

"एखादं तरी नाव हवंय. तुम्हाला माहितीय."

"माहीत आहे."

"मग?"

"देणार नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, जून जवळ आलाय." मग आवाज मऊ केला. "असं करू. पोराला राहू द्या. तुम्हीच या ना स्टेजवर. तुमच्या चालण्यावरून लक्षात येतं हो आमच्या. मुलांना केवढी प्रेरणा मिळेल."

एक क्षण मला तो सौदा बरा वाटला. माझा काय, एकदा निघालेलाच आहे फोटो. पोर वाचेल, नोकरी वाचेल. पण मग पुढच्या वर्षी? एकाला झाकायला दुसऱ्याला उघडं करायचं, हीच यांची रीत चालू राहणार, आणि तिला माझा हातभार लागणार.

"माझा पायही मिळणार नाही, सर," मी म्हणाले आणि बाहेर आले.

तुम्ही म्हणाल, मग इथे हा पाय कसा सांगितलात? सांगितला, कारण आज मला सांगायचा होता. किती सांगायचं, कुठे थांबायचं, ते मी ठरवलं. त्या पोराच्या बाबतीत ते ठरवणारी मी कोणी नाही. प्राचार्य नाहीत. अध्यक्ष तर नाहीतच.

माझी ऑर्डर अजून निघालेली नाही. निघाली नाही तर मी शिकवण्या घेईन, आईबरोबर पावटे विकेन. ज्याला ते नाव हवंय त्याने माझ्यासमोर उभं राहून मागून बघावं. मी नाही म्हणेन. मोठ्याने म्हणेन.